जुन्या गाडीच्या हीटरच्या नळ्या : न जुळणारे जोड कसे जुळवायचे

आजचा विषय फलकावर वाचून दोन-तीन जण हसले, ते आम्ही पाहिलं. कळंबात मे महिन्यात पारा चाळीशीच्या वर जातो, आणि हे आलेत गाडीच्या हीटरवर बोलायला! हसणं रास्त आहे. पण डिसेंबरात पहाटे पाच वाजता चार माणसं गाडीत बसवून बार्शीच्या दिशेनं निघा. पाच मिनिटांत पुढची काच आतून पांढरी होते. एका हातात स्टीअरिंग, दुसऱ्या हातात फडकं, आणि समोरून उसाची ट्रॉली, तीही बिनदिव्याची. तिथं हीटर ही चैन राहत नाही, तिथं हीटर म्हणजे डोळे असतात.

हे कसं होतं ते आधी बघू. आपण श्वास सोडतो त्यात वाफ असते. हवा २० अंशांवर असेल तर एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा ४० अंशांवर नेली तर सुमारे ५१ ग्रॅम मावते, म्हणजे तिप्पट. गरम हवा तहानलेली असते असं समजा. ती काचेवर सोडली की काचेवरचं पाणी पिऊन टाकते, वर काच स्वतःही कोमट होते, त्यामुळं नवीन वाफ तिच्यावर बसत नाही. म्हणून जुन्या गाड्यांत हीटरच्या डब्यातून दोन नळ्या थेट पुढच्या काचेच्या खालच्या फटींपर्यंत नेलेल्या असतात. पाय शेकणं हे दुय्यम काम, काच साफ ठेवणं हे पहिलं.

हीटर म्हणजे काय

पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाडीत हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटर, एक पंखा आणि काही नळ्या. इंजिनातलं गरम पाणी छोट्या रेडिएटरमधून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो, नळ्या ती हवा हवी तिथं नेतात. त्या काळच्या अनेक इंग्रजी गाड्यांत, उदाहरणार्थ मॉरिस मायनरमध्ये, बाहेरची ताजी हवा गाडीच्या पुढच्या तोंडाकडून एका जाड नळीनं आत आणलेली असते. ही नळी इंजिनाच्या शेजारून, बॉनेटखालून येते. हे ध्यानात ठेवा, कारण आजचं सगळं व्याख्यान त्या एका नळीपाशी येऊन थांबणार आहे.

जोड जुळत का नाहीत

आता आपल्या भागाचा संबंध सांगतो. कळंब रोड स्टेशन ज्या मार्गावर आहे ती बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ठेकेदार म्हणून सुरुवातीच्या काळात जी कामं केली, त्यांत या बार्शी लाइट रेल्वेचं काम होतं. त्याच वालचंदांनी पुढं १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तीच पुढं पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, हे आपण बातम्यांत पाहिलंच.

फियाट इटलीची, म्हणजे मिलिमीटरच्या हिशोबाची. दुसरीकडे उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, १९५७ पासून २०१४ पर्यंत निघाली, तिचं मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे इंचाच्या हिशोबाची. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ साली. त्यामुळं आपल्या गॅरेजांत दोन्ही मापं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदली. त्यात हीटर पुष्कळ गाड्यांना मुळात नव्हताच. इंग्लंडात सुद्धा तो बहुधा जादा पैसे मोजून घ्यायचा असे. मग आज कुणी हौसेनं बसवतो तेव्हा डबा एका गाडीचा, नळी दुसऱ्या गाडीची आणि काचेखालचं तोंड तिसऱ्या गाडीचं.

यात आणखी एक गंमत आहे, ती शेतकऱ्याला लगेच कळेल. "दोन इंची" असं म्हणून तीन दुकानांत जा. गाडीच्या सामानाच्या दुकानात दोन इंची नळी मिळते, तिचा आतला व्यास ५०.८ मिलिमीटर. लोखंडी पाइपवाल्याकडे दोन इंची जीआय पाइप मिळतो, त्याचा बाहेरचा व्यास साधारण ६०.३ मिलिमीटर. शेतीच्या दुकानात दोन इंची पीव्हीसी पाइप मागा, तो ६३ मिलिमीटरचा निघतो, तोही बाहेरून. नाव एक आणि मापं तीन. शेतीचा दोन इंची पाइप गाडीच्या अडीच इंची नळीत जवळजवळ बरोबर बसतो! म्हणून पहिला नियम: नाव विचारू नका, मोजा. नळीचा आतला व्यास मोजा, तोंडाचा बाहेरचा मोजा. कॅलिपर नसेल तर तोंडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, खूण करा, लांबी ३.१४ ने भागा. परीघ १६० मिलिमीटर आला तर तोंड दोन इंची, २०० च्या आसपास आला तर अडीच इंची.

आमची चूक

आता एक प्रसंग सांगतो. चूक आमचीच होती, त्यामुळं सांगायला हरकत नाही.

आमच्याकडे १९६०च्या दशकातली एक ॲम्बेसेडर आली होती. मालक निवृत्त शिक्षक. मुंबईच्या जुन्या सामानाच्या बाजारातून त्यांनी हीटरचा डबा मिळवला होता. त्याच्या हवा ओढायच्या तोंडाचं माप आमच्याकडच्या नळीपेक्षा चांगलं अर्ध्या इंचानं कमी. आम्ही काय केलं? तोंडावर कापडी टेपचे वेढे दिले, जाडी वाढवली, वर नळी चढवली, पुन्हा टेप. दिसायला उत्तम. गॅरेजात चालवून पाहिलं, काचेवर गरम हवा आली, सगळे खूश.

दोन दिवसांनी पहाटे आम्ही आणि गुरुजी त्याच गाडीतून निघालो. थंडी होती म्हणून काचा बंद. तासाभरानं गाडीत जळक्या तेलाचा वास येऊ लागला. गुरुजी म्हणाले, "जुनी गाडी आहे, वास येणारच." आणखी थोड्या वेळानं त्यांचं डोकं दुखायला लागलं, आमचंही जड झालं. येरमाळ्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, चारी दारं उघडली, बाहेर येऊन बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी बरं वाटलं. बॉनेट उघडलं तर टेपचा डिंक उष्णतेनं पाघळला होता, नळी तोंडावरून निम्मी उतरली होती, आणि तिथून एक वीतभर अंतरावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून बारीक फुसफुस चालू होती. हीटरचा पंखा ती हवा इमानेइतबारे आमच्या नाकापर्यंत आणत होता.

वास आला म्हणून आम्ही थांबलो. पण ज्यानं डोकं दुखलं त्याला वास नसतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीनं त्याला धरून ठेवतं. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, मग झोप. तेल जळण्याचा वास सोबत होता हे आमचं नशीब.

पंख्याच्या अलीकडे की पलीकडे

त्या दिवशी आम्हाला जे कळलं ते आपल्याकडच्या कुठल्याही विहिरीवरच्या शेतकऱ्याला आधीपासून ठाऊक आहे. विहिरीच्या काठावरची मोटार बघा. डिलिव्हरीच्या पाइपाचा जोड गळत असेल तर पाण्याची धार दिसते. नुकसान होतं, पण दिसतं. सक्शनच्या पाइपाचा जोड गळत असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत, आणि मोटार मात्र हवा धरते, पाणी उचलत नाही. मग आपण फुटबॉल काढून बघतो, तो बरा असतो, आणि दोष निघतो एका सुकलेल्या दिसणाऱ्या जोडात.

हीटरचा पंखा म्हणजे तीच मोटार. पंख्याच्या पलीकडचे जोड, म्हणजे पंख्यापासून काचेकडे जाणारे, सैल असले तर गरम हवा डॅशबोर्डच्या मागं सांडते. काच उशिरा साफ होते, एवढंच. पंख्याच्या अलीकडचा जोड, म्हणजे हवा ओढणारा, सैल असला तर आजूबाजूला जे असेल ते आत येतं. आणि आजूबाजूला असतं इंजिन.

म्हणून मंडळी, दोन न जुळणाऱ्या नळ्या हातात आल्या की "हे जोडू कसं" हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: हा जोड पंख्याच्या कुठल्या बाजूला आहे, आणि तो कुठल्या खोलीत आहे, इंजिनाच्या की माणसांच्या? ओढणारा आणि इंजिनाच्या खोलीतला असेल तर तिथं जुगाड नाही. तिथं धातूचा तुकडा आणि पेचाची क्लिप. बाकी ठिकाणी थोडी सूट घेता येते.

अर्धा इंच कमी म्हणजे किती कमी

आता मापाकडे येऊ. अडीच इंची नळीला दोन इंची जोडली तर कुणी म्हणेल, पाचवा भाग तर कमी झाला. नाही. हवेची वाट व्यासाच्या वर्गावर ठरते. अडीचचा वर्ग सव्वासहा, दोनचा चार. म्हणजे वाट एक तृतीयांशाहून जास्त कमी झाली. आणि तेवढीच हवा त्या अरुंद नळीतून ढकलायची म्हटली तर दर फुटामागं दाब सुमारे तिप्पट लागतो, कारण व्यास घटला की घर्षण त्याच्या पाचव्या घातानं वाढतं. हीटरचा पंखा दुबळा असतो, तिप्पट दाब तो देऊ शकत नाही. मग हवाच कमी येते.

याच हिशोबाची दुसरी बाजूही कामाची आहे. काचेखाली दीड-दीड इंचाची दोन तोंडं असतील, तर त्यांची बेरीज साडेचार. दोन इंची एका नळीचा आकडा चार. म्हणजे दोन इंची नळीतून दोन दीड इंची फांद्या काढल्या तर हवेची अडवणूक फारशी होत नाही. हा जोड दिसतो विजोड, पण जमतो.

यातून निघतं असं की माप बदलायचं तर एकदाच बदला, आणि जास्तीत जास्त अंतर मोठ्या नळीनं जाऊ द्या. कुर्डुवाडीला काय होत होतं आठवा. छोट्या रुळांवरून आलेला माल तिथं उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. ही हमाली बरीच वर्षं चालली. पण ती एका स्टेशनावर होती. दर स्टेशनाला माल उतरवावा लागला असता तर रेल्वे कुणी वापरलीच नसती. आम्ही अशा गाड्या पाहिल्यात की दीड हात नळीत चार वेळा माप बदललेलं, जे तुकडे मिळाले ते लावलेले. तिथं पंखा नुसता घरघरतो.

नरसाळं कसं करायचं

जोडाचा तुकडा म्हणजे खरं तर एक नरसाळं. पत्र्याचे डबे, कोठ्या करणारा कारागीर अजून बऱ्याच गावांत आहे, त्याला माप द्या. जस्ताचा पत्रा किंवा ॲल्युमिनियम चालतं. सांगायच्या गोष्टी अशा.

एक, दोन्ही टोकांना इंचभर सरळ कॉलर हवी. नळी उतरत्या भागावर बसत नाही, सरळ भागावर बसते.

दोन, कॉलरच्या कडेजवळ बाहेरून एक बारीक उंचवटा काढून घ्या. क्लिप त्याच्या आतल्या अंगाला बसते आणि नळी सरकत नाही. आमचा टेपचा जोड उतरला तो हा उंचवटा नसल्यामुळंच.

तीन, उतार. हवा रुंदीकडून अरुंदीकडे जात असेल तर नरसाळं आखूड चालतं, दोन बोटं पुरे. पण अरुंदीकडून रुंदीकडे जात असेल तर उतार सावकाश हवा. झटकन रुंद केलं तर हवा कडेपासून सुटते, भोवरे होतात, जोर तिथंच जिरतो. दोन इंचाचं अडीच इंच करायला चार बोटं लांबी घ्या.

चार, दोन पत्रे एकमेकांत जिथं बसतात तिथं वाहत्या दिशेचा विचार करा. पन्हळीचे तुकडे आपण कसे बसवतो? वरचा खालच्यात. तसंच, हवा जिकडून येते तो तुकडा पुढच्याच्या आत जावा.

फरक अगदी थोडा, दोन-तीन मिलिमीटरचाच असेल, तर नरसाळ्याची गरज नाही. जुन्या ट्यूबची रबरी पट्टी कापून तोंडावर एक वेढा द्या. पट्टीची टोकं एकावर एक चढवू नका, तिरकी कापून भिडवा, नाहीतर तिथं पायरी होते आणि पायरीखाली फट राहते. वर नळी, वर क्लिप. यापेक्षा मोठा फरक रबरानं भरू नये हा आमचा आडाखा.

नळी निवडताना बाजू बघा. ओढणाऱ्या बाजूला तारेच्या वेटोळ्याची नळी घ्या. कागदी किंवा पातळ पन्नीची नळी ओढीनं चपटी होते. तारेची नळी कापली की टोकाचा अर्धा वेढा तार काढून टाका, नाहीतर क्लिप तारेवर बसते आणि शेजारून हवा जाते. नळीला थोडी ढिलाई ठेवा, कारण इंजिन रबरी गाद्यांवर हलतं आणि बॉडी हलत नाही. ताणून बसवलेली नळी पहिल्या खड्ड्याला सुटते, आणि खड्ड्यांची आपल्याकडे ददात नाही. नळीचं वजन जोडावर येऊ देऊ नका, मध्ये एक पट्टी बांधा. एक्झॉस्टपासून लांब ठेवा. उष्णतेसाठी म्हणून कुणी ॲसबेस्टॉसची दोरी सुचवली तर नको म्हणा, त्याचे तंतू हवेबरोबर थेट छातीत जातात.

शेवटचं, गाडीचं मूळ तोंड कापू नका. जुळत नाही म्हणून करवत लावायचा मोह होतो. तुकडा नवा करा, मूळ तसंच राहू द्या. उद्या कुणाला खरा भाग मिळाला तर त्याला तो लावता आला पाहिजे.

उदबत्तीची परीक्षा

काम झालं की तपासणी, आणि ती दोन रुपयांत होते. गाडी उघड्यावर उभी करा. इंजिन बंद, फक्त पंखा चालू. बॉनेट उघडून ओढणाऱ्या प्रत्येक जोडाभोवती पेटती उदबत्ती हळूहळू फिरवा. पेट्रोलची गळती किंवा वास असेल तर आधी ती दुरुस्त करा, मगच उदबत्ती. धूर सरळ वर गेला तर जोड बरा. धूर वाकून जोडाकडे ओढला गेला तर तिथं फट आहे. मग आत बसून काचेकडच्या जोडांशी तेच करा, तिथं धूर ढकलला जाईल. ही परीक्षा लगेच घ्या, आणि गाडी तासभर चालवून नळ्या तापल्यावर पुन्हा घ्या. आमचा टेपचा जोड पहिल्या परीक्षेत पास झाला असता. तो नापास झाला असता दुसऱ्या.

श्रोत्यांचे प्रश्न

एका काकांनी विचारलं, पीव्हीसीचा रिड्यूसर शेतीच्या दुकानात तयार मिळतो, तो का नको?

माप जमवून बघायला जरूर घ्या. पण साधं पीव्हीसी साधारण ७५-८० अंशांना मऊ पडू लागतं, आणि इंजिनाचं पाणी त्याहून तापलेलं असतं. इंजिनाच्या खोलीत तो कायमचा ठेवू नका. त्या मापावरून पत्र्याचा करून घ्या.

एका ताईंनी विचारलं, आमच्याकडे जुनी फोक्सवॅगन बीटल आहे, तिला हेच लागू का?

ताई, तुम्हाला जास्तच लागू. त्या गाडीत गरम पाणी नाहीच. एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या कवचातून हवा तापते आणि दारांखालच्या पोकळीतून आत येते. आतली एक्झॉस्टची नळी गंजून फुटली तर धूर थेट माणसांत. तिथं आधी एक्झॉस्ट तपासा, नळ्यांचे जोड नंतर.

एका मुलानं विचारलं, हीटर वापरायचाच नसेल तर नळी काढून ठेवली तर चालेल का?

नळी काढलीत तर तोंड उघडं राहतं, आणि गाडी चालताना बॉनेटखालची हवा दाबानं तिथून आत येते. पंखा बंद असला तरी. काढायची तर तोंडाला पत्र्याचं झाकण क्लिपनं घट्ट बसवा. आणि हीटर असो वा नसो, बंद काचांच्या जुन्या गाडीत विनाकारण डोकं दुखायला लागलं तर कारण शोधत बसू नका. आधी काचा उघडा, गाडी थांबवा, बाहेर या.

गुरुजींची ती ॲम्बेसेडर अजून आहे. नरसाळं बार्शीच्या एका पत्रेवाल्याकडून करून घेतलं, मॅनिफोल्डचं गॅस्केट बदललं. थंडीत ते अजून पहाटे निघतात. निघण्याआधी बॉनेट उघडून दोन क्लिपा हातानं चाचपतात, आणि देवापुढची उदबत्ती एकदा तिकडून फिरवून आणतात. घरचे हसतात. आम्ही हसत नाही.